लेह विमानतळ: विमान 7.40 चं, सामान मात्र 6.40 पर्यंतच

मार्खा व्हॅलीचा ट्रेक आमच्या पुण्याच्या ग्रुपने ऑगस्ट 2024 मध्ये केला आणि तो उत्तम झाला. निमालिंगचा मुक्काम, कोंगमारू ला ही खिंड, सगळं ठरल्याप्रमाणे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचंय ते परतीच्या सकाळबद्दल. पाच हजार मीटरच्या वरची खिंड चढताना जेवढा जीव कासावीस झाला नाही, तेवढा लेह विमानतळाच्या दारापासून सामान द्यायच्या काउंटरपर्यंत झाला. आणि याबद्दल आम्हाला आधी कुणी सावध केलं नव्हतं. उलट चुकीचंच सांगितलं होतं.

"वेब चेक-इन झालंय ना? मग दीड तास आधी पोचलात तरी खूप झालं. एवढंसं तर विमानतळ आहे." हे ट्रेक लावून देणाऱ्या एजन्सीने सांगितलं, हॉटेलवाल्याने सांगितलं आणि आदल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्रानेही सांगितलं. असं सांगणारं कुणी भेटलं तर अजिबात ऐकू नका.

वेब चेक-इनने फक्त सीट मिळते आणि बोर्डिंग पास मिळतो. तुमची रकसॅक त्याने विमानात जात नाही. ती काउंटरवर द्यावी लागते आणि देशांतर्गत विमानांना ते काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतं. बोर्डिंगचं दार त्यानंतर, म्हणजे 25 मिनिटांच्या आसपास आधी बंद होतं. नुसती हातातली बॅग घेऊन फिरणाऱ्याला ही 25 मिनिटांची वेळ महत्त्वाची. ट्रेकवरून सामान घेऊन येणाऱ्याला 60 मिनिटांची. तिकिटावर 7.40 लिहिलेलं असतं म्हणून सगळा हिशोब 7.40 वरून होतो आणि तिथेच गाडं अडतं.

आमचं झालं ते असं. विमान 7.40 चं. आम्ही 6.10 ला दाराशी. म्हणजे सांगितल्याबरहुकूम बरोब्बर दीड तास आधी. पण काउंटर 6.40 ला बंद होणार होतं, त्यामुळे आमच्या हातात खरं तर अर्धाच तास होता. लेहला विमानं बहुतेक सगळी सकाळच्या काही तासांतच सुटतात, म्हणून आमच्या विमानाचे आणि मागच्यापुढच्या विमानांचे प्रवासी एकाच दारावर एकाच वेळी उभे. दारावर ओळखपत्र आणि तिकीट बघून आत. मग मोठं सामान एक्स-रेमधून. हे सगळं होऊन काउंटरच्या रांगेत लागलो तेव्हा 6.25 झाले होते.

आणि मग तो काउंटर. माझ्याकडे रकसॅक आणि एक छोटी डफल, म्हणजे आडवी कापडी बॅग. दोन्ही मिळून 15 किलोच्या आत. घरी वजनकाट्यावर मोजून निघालो होतो, लेहलाही हॉटेलात मोजलं होतं. काउंटरवर सांगितलं की वजन ठीक आहे, पण नग एकच चालतो, दुसऱ्या नगाचे वेगळे पैसे पडतील. येताना पुण्याला हेच दोन नग त्याच कंपनीने एक शब्द न बोलता घेतले होते. नियम असेल तर तो दोन्हीकडे लावा. एकीकडे डोळेझाक करायची आणि जिथे प्रवाशाकडे वेळ उरत नाही तिथे नेमका तो काढायचा, ही माझ्या मते सरळ लूट आहे. वाद घालायला वेळ नव्हता. पैसे भरायचे होते दुसऱ्या खिडकीवर, तिथे आणखी एक रांग, आणि खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "यूपीआय?"

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड चालतात. माझं प्रीपेड, त्यामुळे फोन नुसता हातात. रोख पैसे आदल्या दिवशी खेचरवाल्यांना आणि बक्षिशीला गेले होते. शेवटी आमच्यातल्या पोस्टपेडवाल्या एका मैत्रिणीने रांग सोडून येऊन पैसे भरले, मी पावती घेऊन धावत परत आलो आणि 6.37 ला माझ्या सॅकला टॅग लागला. ती पट्ट्यावरून सरकताना बघून मला जो आनंद झाला तो खिंडीवरच्या पताकांपाशी पोचल्यावरही झाला नव्हता. खोटं सांगत नाही.

आमच्यातला एक मात्र मागे राहिला. त्याचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर, वेगळ्या दिवशी काढलेलं. तो रांगेत आमच्या चार माणसं मागे होता. 6.40 झाले आणि "सर, काउंटर बंद हो गया" एवढंच उत्तर मिळालं. बोर्डिंग पास त्याच्या हातात होता. सॅक सोडून जा नाहीतर राहा, एवढाच मार्ग. हजारो रुपयांचं सामान कोण सोडणार? तो राहिला. दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाला मूळ तिकिटाच्या दुपटीहून जास्त पैसे पडले आणि पुढचं दिल्ली-पुणे विमान गेलं ते गेलंच. अशी वेळ कुणावर आली तर एक करा: विमान चुकलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मिळतात. ते मागून घ्या. रक्कम फार नसते, पण ती तुमची असते.

लेहला काउंटरवर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नाही आणि त्यामागे कारण आहे, हे नंतर शांत डोक्याने मान्य करतो. हा विमानतळ 3,256 मीटरवर आहे. तिथली हवा विरळ, त्यात उन्हाळ्यात दिवस तापला की आणखी विरळ होते आणि विमानाला तेवढंच वजन उचलता येत नाही. दुपारी डोंगरातला वाराही वाढतो. म्हणून विमानं सकाळी. 2024 च्या जुलैअखेरीला उष्णतेमुळे लेहची विमानं रद्दही झाली होती. काउंटर बंद झालं की प्रवासी आणि सामान मिळून वजनाचा हिशोब पक्का होतो. इतर ठिकाणी एखादी बॅग उशिरा सरकवली जात असेलही, इथे ती आशा धरू नका. याच कारणाने कधीकधी काउंटरवर दिलेली बॅगसुद्धा मागे ठेवून पुढच्या विमानाने पाठवतात. त्यामुळे औषधं, घराच्या किल्ल्या, कॅमेऱ्याची कार्डं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत असलाच पाहिजे.

आता माझा सल्ला, आणि यात मी तडजोड सांगणार नाही. सामान असेल तर लेहला उड्डाणाच्या तीन तास आधी दाराशी उभे राहा. दार उघडलं नसेल तर रांगेत पहिले असाल, त्यात काही वाईट नाही. गाव ते विमानतळ अंतर अगदी थोडं आहे, पण पहाटे टॅक्सी रस्त्यावर मिळेल या भरवशावर राहू नका. आदल्या संध्याकाळी ठरवा. टॅक्सी युनियनचे दर छापलेले असतात, त्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. आमच्याकडे पहाटेचे म्हणून जास्त मागितले, फोटो दाखवल्यावर मागणी थांबली. वेब चेक-इन हॉटेलच्या वायफायवर रात्रीच उरका आणि बोर्डिंग पास कागदावर छापून घ्या. ग्रुपमध्ये निदान दोघांकडे पोस्टपेड सिम हवं, आणि प्रत्येकाकडे दोन-तीन हजार रुपये रोख, शेवटच्या सकाळपर्यंत न मोडलेले.

नग एकच करा. डफल रिकामी करून सॅकमध्ये कोंबा, नाहीतर सॅक मोठ्या डफलमध्ये घाला. दुसरं केलंत तर सॅकचे पट्टे यंत्रात अडकत नाहीत हाही फायदा. वजन वाढणार असेल तर ते घरूनच ऑनलाइन विकत घ्या, काउंटरवर किलोमागे जास्त पडतं. लेहच्या बाजारात जर्दाळू घेणार असाल, आणि घ्यालच, तर ते वजनात आधीच धरा. ग्रुपची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. आमच्या कंपनीने एका पीएनआरवरच्या सगळ्यांचं वजन एकत्र धरलं, वेगळ्यावाल्याचं नाही.

ट्रेकिंगच्या काठ्या आणि चाकू सॅकमध्ये, हातात नाही. पॉवर बँक नेमकी उलट: ती हातातल्याच बॅगेत, सॅकमध्ये सापडली तर सॅक उघडायला तुम्हाला बोलावतात. गॅसचे डबे कुठेच चालत नाहीत, एजन्सीकडे देऊन टाका. लायटरही तसाच. आणि पुण्याहून जाताना घरच्यांनी पिशवीत घातलेली सुक्या खोबऱ्याची वाटी काढून ठेवा. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात बंदी आहे. लोहगावला त्याच जुलैत सुरू झालेल्या नव्या टर्मिनलमध्ये आमच्यातल्या एकीला यासाठीच परत बोलावलं होतं. तिथे वेळ हाताशी होता म्हणून निभावलं. लेहला असं बोलावणं आलं असतं तर विमान गेलंच असतं.

दिल्लीबद्दल थोडक्यात. लेह-दिल्ली आणि दिल्ली-पुणे एकाच पीएनआरवर असेल तर सॅक थेट पुण्याला लागते. टॅगवर पीएनक्यू, म्हणजे पुण्याचा कोड, लिहिलंय का ते काउंटर सोडण्याआधी बघा. नुसतं डीईएल, म्हणजे दिल्ली, दिसलं तर तिथल्या तिथे विचारा. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून घ्याल तर दिल्लीत सॅक उचलून बाहेर यायचं, कदाचित टर्मिनल बदलायचं, पुन्हा दारावरची रांग, पुन्हा सामानाची रांग आणि पुन्हा तोच 60 मिनिटांचा नियम. लेहचं विमान उशिरा निघालं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही देणार नाही. वेगळी तिकिटं असतील तर मध्ये पाच तास ठेवा, त्याखाली नको.

सॅक आली नाही तर पट्ट्यांच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या माणसाकडून लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. टॅगचा तुकडा सॅक घरी पोचेपर्यंत फेकू नका.