वाइन रॅक निवडताना: आधी जागा, मग बाटली, मग रॅक

घरात वाइनच्या बाटल्या साठायला लागल्या की त्या आधी पुस्तकांच्या कपाटात शिरतात, मग पलंगाखाली, मग जेवणाच्या टेबलाखाली. पाय ठेवायला जागा उरेना तेव्हा आम्ही रॅक घ्यायचं ठरवलं. नवऱ्याने लगेच फोनवर चित्रं पाहायला घेतली. कुठे लोखंडी वेलबुट्टी, कुठे भिंतीतून उगवलेल्या खुंट्या, कुठे पिंपाच्या फळ्यांचं काहीतरी. मी त्याला म्हटलं, "आधी सगळ्या बाटल्या जमिनीवर मांडू या."

मांडल्यावर दोन गट पडले. मोठा गट येत्या काही महिन्यांत संपणाऱ्या बाटल्यांचा. दुसरा अगदी छोटा, मुद्दाम काही वर्षं ठेवायच्या बाटल्यांचा. हे प्रमाण बहुतेक घरांत असंच निघेल, कारण बाजारात येणारी बहुतांश वाइन लवकर पिण्यासाठीच बनवलेली असते. ठेवून मुरणारी वाइन त्या मानाने थोडी: भरपूर टॅनिन (तोंडाला तुरट लागणारं द्रव्य) असलेल्या काही रेड, रीस्लिंग द्राक्षाच्या खणखणीत आंबटपणाच्या काही पांढऱ्या, काही गोड वाइन, व्हिंटेज पोर्ट ही पोर्तुगालची गोड, कडक वाइन. बाकीच्या ठेवून सुधारत नाहीत, फक्त म्हाताऱ्या होतात.

या वाटणीनं निम्मा प्रश्न सुटला. लवकर संपणाऱ्या बाटल्यांना फार लाड लागत नाहीत. ऊन नको, फार उष्णता नको, एवढं पाळलं तरी पुरतं. जपायचं ते त्या छोट्या गटाला, आणि त्याला खरी गरज होती चांगल्या जागेची. रॅक कितीही देखणा असला तरी तो बाटली धरून ठेवतो एवढंच; ती थंड किंवा अंधारात ठेवणं त्याच्या हातात नाही. म्हणून चित्रं बाजूला ठेवली आणि घर तपासायला घेतलं.

किमान-कमाल तापमान आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं डिजिटल यंत्र मिळतं. ते आम्ही एकेका जागी ठेवून, रात्रंदिवस तिथेच राहू देऊन आकडे पाहिले. या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच होती. वाइन दीर्घकाळ ठेवायला साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअस आदर्श मानतात, पण आकड्याइतकंच महत्त्व तो स्थिर राहण्याला आहे. तापमान वाढलं की बाटलीतली वाइन प्रसरण पावते आणि बुचाला आतून ढकलते. उतरलं की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो. रोजच्या रोज हा भाता चालू राहिला तर बूच बिचारं किती दिवस तग धरणार?

स्वयंपाकघर पहिल्या फेरीतच बाद झालं. फ्रिजच्या वरची जागा दिसायला रॅकसाठीच सोडल्यासारखी वाटते, आणि तयार कपाटांच्या रचनेत तिथे बाटल्यांचे कप्पे हमखास काढलेले असतात. पण फ्रिज आतली उष्णता मागून आणि बाजूंनी बाहेर टाकत असतो आणि ती वरच चढते. गॅस पेटला की त्यात भर. आमच्या यंत्राने तिथे दिवसभरात जो चढउतार दाखवला तो पाहून नवराही गप्प बसला. कपाटाचा सर्वांत वरचा कप्पाही याच कारणाने नको. खोलीतली गरम हवा छताजवळ जमते.

बैठकीच्या खोलीतली मोठी भिंत त्याच्या फार मनात होती. पाहुण्यांना दिसेल, वगैरे. तिच्यावर संध्याकाळचं ऊन येतं. ऊन आणि वाइन यांचं वैर उष्णतेपुरतं नाही. वाइनमध्ये रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, थोड्या प्रमाणात असतं. अतिनील आणि निळा प्रकाश पडला की ते वाइनमधल्या अमिनो आम्लांवर क्रिया घडवतं आणि गंधकाची संयुगं तयार होतात. वास येतो उकडलेल्या कोबीचा किंवा ओल्या लोकरीचा. पांढरी, रोझे (गुलाबी) आणि फसफसणारी वाइन याला जास्त बळी पडते, त्यातही पारदर्शक काचेतली. तपकिरी काच बरीच वाचवते, हिरवी त्याहून कमी, पारदर्शक जवळपास नाहीच. रॅकवर आतून दिवे लावून बाटल्या उजळवण्याची हौस असेल तर निदान ते दिवे एलईडी असावेत आणि कायम सुरू नसावेत. आम्ही दिवेच वगळले.

शेवटी जिन्याखालची जागा ठरली. खिडकी नाही, भिंत बाहेरची नाही, जमिनीलगत असल्याने घरातली सर्वांत थंड. आदर्श आकड्यापेक्षा ती गरमच आहे, पण तिथे तापमान सर्वांत कमी हलतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास दिसली. ६० ते ७० टक्के चांगली मानतात. फार कोरड्या हवेत बूच बाहेरून सुकतं, फार दमट हवेत लेबलांना बुरशी धरते. तिथे आधी रंगाचे डबे आणि फिनेल ठेवलेलं असायचं, ते हलवलं. उग्र वासाच्या वस्तूंचा शेजार कुठल्याच वाइनला मानवत नाही. त्याच कारणाने रॅकच्या लाकडाला ताजं पॉलिश किंवा व्हर्निश केलं असेल तर वास पूर्ण उडेपर्यंत बाटल्या ठेवू नयेत.

जागा ठरली तशी रॅकची मापंही आपोआप ठरली. आडवी बाटली ३० सेंटिमीटर धरली तर तेवढी खोली हवी, मागे हवा खेळायला थोडी फट हवी आणि पुढे बाटली बाहेर ओढताना हात मागे यायला मोकळी जागा हवी. ही शेवटची गोष्ट चित्रांत कधीच दिसत नाही. जिन्याच्या उतारामुळे एका बाजूला उंची कमी होती, म्हणून सरळ चौकोनी रॅक एका टोकाला अडला असता. सुटे, एकमेकांवर बसणारे भाग असलेला रॅक घेतला तर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत्या रांगा करता येत होत्या.

आडवं ठेवायचं की उभं, यावर घरात थोडी चकमक झाली. जुना नियम असा की बूच वाइनला टेकलेलं राहावं म्हणजे ते सुकत नाही. बाटलीतल्या मोकळ्या जागेतली हवा आधीच इतकी दमट असते की आडवं ठेवण्याने फार फरक पडत नाही, असंही म्हणणारे आहेत. माझं मत सरळ आहे: आडव्या बाटल्या कमी जागेत नीट रचल्या जातात, तेवढं कारण पुरे. फिरकीचं झाकण असलेल्या बाटल्या मात्र कशाही ठेवा, फरक नाही. व्हिस्की, ब्रँडी यांसारखी तीव्र मद्यं नेहमी उभीच ठेवावीत, कारण तेवढं अल्कोहोल बुचाला कुरतडतं. एकाच रॅकमध्ये सगळं कोंबायचा बेत असेल तर हे लक्षात घ्यावं. आणि आडवा म्हणजे खरोखर आडवा. काही शोभेच्या रॅकमध्ये मान वर तिरपी राहते, त्यात बुचापाशी हवेचा बुडबुडा येऊन बसतो आणि आडवं ठेवण्याचा उद्देशच संपतो.

खरं तर रॅक ही वस्तूच बाटलीच्या आकारामुळे जन्माला आली. सतराव्या शतकातल्या जाड काचेच्या इंग्रजी बाटल्या कांद्यासारख्या पोटाळ होत्या, त्या आडव्या रचणं अवघड. अठराव्या शतकात बाटली हळूहळू सरळ नळकांडी झाली आणि मग तळघरात थरांवर थर रचता यायला लागले.

तरी आजही सगळ्या बाटल्या सारख्या नाहीत, आणि रॅक घेताना पैसे वाया जातात ते इथेच. ७५० मिलिलिटर हे माप सारखं, पण पोट वेगळं. खांदेवाली बोर्दो बाटली साधारण साडेसात सेंटिमीटर व्यासाची. उतरत्या खांद्यांची बर्गंडी आठ-साडेआठ, जाड काचेची असेल तर त्याहूनही जास्त. शॅम्पेन नऊच्या जवळ जाते, कारण आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो आणि तो पेलायला काच जाड लागते. रीस्लिंगची उंच, सडपातळ बाटली व्यासाला अडत नाही, लांबीला अडते; ती ३३ सेंटिमीटरच्याही वर जाते आणि खोली कमी असली तर मान बाहेर लोंबते. दीड लिटरची मॅग्नम दहा सेंटिमीटरच्या पुढे, ती नेहमीच्या भोकात जाणारच नाही. विक्रेत्याच्या पानावर 'चोवीस बाटल्या' लिहिलेलं असतं तेव्हा त्या चोवीस बोर्दो असतात असं समजून चालावं. मी घरातल्या सर्वांत जाड बाटलीभोवती शिवणकामाची टेप गुंडाळली, घेराला ३.१४ ने भागलं आणि आलेला व्यास कागदावर लिहून तो कागद पाकिटात ठेवला. त्यानंतर रॅक पाहताना पहिला प्रश्न एकच विचारायचे: भोक किती सेंटिमीटरचं?

या एका प्रश्नावर बरेच रॅक गळले. तारेचे स्वस्त, हलके रॅक घट्ट मापाचे असतात आणि बाटली आत-बाहेर करताना तार लेबल खरवडते. नवऱ्याला आवडलेल्या भिंतीतल्या खुंट्या दिसायला सुरेख, लेबल समोर दिसतं, पण दर बाटलीमागे भिंतीला दोन भोकं. पतंगाच्या आकाराचे मोठे कप्पे मला आधी आवडले होते, कारण त्यांना कुठलीही बाटली चालते. पण एका कप्प्यात आठ-दहा बाटल्या एकमेकींवर पडून असतात. एकाच वाइनची पेटीच्या पेटी घेणाऱ्यांना ते उत्तम. वेगवेगळ्या बाटल्या असतील तर हवी ती नेमकी तळाशी असते आणि ती ओढली की वरच्या सगळ्या घरंगळतात. खापरी नळ्यांचे रॅकही पाहिले. माती तापायला वेळ लागतो म्हणून चढउतार थोडा कमी जाणवतो, पण वजन भयंकर. शॅम्पेनच्या तळघरांतल्या भोकं पाडलेल्या जुन्या तिरप्या फळ्या काही लोक शोभेला घेतात. त्या बाटली रोज फिरवत, मान खाली करत, गाळ बुचापाशी आणण्यासाठी बनवलेल्या आहेत. साठवणीला त्यांचा काय उपयोग?

शेवटी घेतला तो पाइनच्या चौकोनी दांड्या आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या पट्ट्या यांचा जुना, साधा प्रकार. प्रत्येक बाटलीला स्वतंत्र चौकोन, चौकोन साडेनऊ सेंटिमीटरचा, म्हणून शॅम्पेनही जाते. बोर्दो त्यात थोडी सैल बसते, त्याचं मला काही वाटत नाही. सुटे भाग जोडून जिन्याचा उतारही साधला.

वजनाचा हिशेब मी सुतारकाका आल्यावर त्यांच्यासमोर मांडला. भरलेली बाटली १.२ ते १.६ किलो भरते. चोवीस बाटल्या म्हणजे २९ ते ३८ किलो, रॅकचं वजन वेगळं. काकांनी भिंतीवर बोटाने ठोकून पाहिलं.

"ताई, ही भिंत विटांची आहे, घाबरू नका. जिप्सम बोर्ड असता तर मागची पट्टी कुठे आहे ते शोधून तिच्यातच स्क्रू मारला असता."

"पण रॅक जमिनीवर उभा आहे ना? मग भिंतीला कशाला?"

"वरच्या रांगेतली बाटली ओढली की तो पुढे झुकतो. खालचं वजन जमीन घेते, वरचा झोक भिंतीने घ्यायला हवा."

मग दोन कोनपट्ट्या, योग्य मापाचे प्लग, आणि लेव्हल लावून खाली पाचर. जमीन किंचित उतरती निघाली. ते डोळ्यांना अजिबात कळलं नव्हतं. भरताना काकांच्या सांगण्यावरून खालच्या रांगा आधी भरल्या, जड शॅम्पेन सगळ्यात खाली.

वाइन फ्रिज का नाही, असं मैत्रिणीने विचारलं. ठेवायच्या बाटल्या थोड्या आहेत म्हणून. त्या वाढल्या आणि घर फार तापणारं असलं तर फ्रिजच घ्यावा, रॅक कितीही चांगला असला तरी. घेताना हे पाहावं की कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज शांत असतो पण बाहेर फार गरम असेल तर दमतो. नेहमीच्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं बाटल्या ठेवणं मात्र बरं नाही. ४ अंशांची कोरडी हवा बुचाला मानवत नाही.

रॅकमध्ये बाटल्या लेबल वर करून ठेवते. गाळ बसला तर लेबलाच्या विरुद्ध बाजूला बसतो आणि ओतताना कुठली बाजू खाली धरायची ते कळतं. मानेला कागदी पट्टी अडकवून त्यावर वाइनचं नाव आणि कधी उघडायची ते वर्ष लिहिलंय, म्हणजे बाटली बाहेर ओढून हलवत बसावं लागत नाही. उताराच्या टोकाला, जिथे कुठलाच चौकोन बसत नव्हता, तिथे काकांनी एक सपाट फळी ठोकून दिली. जुनी रेड उघडायची असली की आदल्या दिवशी ती तिथे उभी करून ठेवतो, गाळ तळाशी जायला तेवढा वेळ लागतो. एरवी त्या फळीवर नवऱ्याची मॅग्नम बसलेली असते.