व्हीएममध्ये नेट नाही? आधी मशीन डिलीट करू नका

व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) नेट चालत नाही म्हटलं की पोरं पहिलं काम काय करतात, तर मशीन डिलीट मारून उबंटू (त्यातली लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) परत टाकतात. अमळनेर, चोपड्याकडची पोरं जळगावात रूम करून शिकतात, त्यांचं नेट म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट, त्यात एवढी मोठी आयएसओ (उबंटू टाकायची फाईल) परत उतरवायची म्हणजे त्या दिवसाचा डेटा गेलाच, आणि एवढं करून प्रॉब्लेम तिथंच, कारण बऱ्याचदा बिघाड उबंटूत नसतोच. फार जीव तुटतो हे बघून, म्हणून लिहितोय.

भो, आधी कुठपर्यंत पोहोचतंय ते बघा. केळीच्या शेवटच्या ओळीला ठिबकचं पाणी येत नसलं तर कोणी लगेच मोटर बदलत नाही, व्हॉल्व्हपासून नळी धरून चालत जातात.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) नेटवर्क नॅटवर असेल, म्हणजे व्हीएम आपल्या कॉम्प्युटरच्याच आयपीआडून बाहेर जात असेल, तर मशीनला साधारण १०.०.२.१५ हा आयपी मिळतो. तोच नसेल तर सेटिंगमध्ये ‘केबल कनेक्टेड’ची टिक बघा, आणि नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाईलमध्ये नेटवर्क कार्डाचं नाव बरोबर आहे का तेही (बहुतेक वेळा ईएनपी०एस३ असतं). आयपी असेल तर १०.०.२.२ ला पिंग मारा (समोरून उत्तर येतं का ते बघायची कमांड), हा गेटवे, म्हणजे व्हीएममधून बाहेर जायचं दार. मग ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर. तिथपर्यंत जातंय पण वेबसाईटचं नाव टाकलं की अडकतंय, तर नेट चालू आहे, डीएनएस (वेबसाईटच्या नावावरून आयपी शोधून देणारी सोय) बंद आहे.

हा डीएनएसचा घोळ रूमवर राहणाऱ्यांना जास्त होतो. सकाळी कॉलेजचं वायफाय, संध्याकाळी हॉटस्पॉट, मधे व्हीएम चालूच. नॅट इंजिन होस्टचेच (आपल्या खऱ्या कॉम्प्युटरचे) डीएनएस सर्व्हर गेस्टला (आतल्या व्हीएमला) देतं, होस्टचं नेटवर्क बदललं तरी गेस्ट जुनाच पत्ता धरून बसू शकतो. गेस्टमधलं नेटवर्क बंद-चालू केलं की बहुतेक वेळा सुटतं, कायमचं हवं असेल तर त्या मशीनला नॅटचा डीएनएस प्रॉक्सी (मधला निरोप्या) ऑन करून टाका, मग गेस्टला एकच पत्ता दिसतो, १०.०.२.३, बाहेर काहीही बदलो.

आता दोन व्हीएमवाल्यांचं. दोन्हीत १०.०.२.१५ दिसलं की पोरं घाबरतात, आयपी भांडले म्हणतात. तसं नाहीये! साध्या नॅटमध्ये प्रत्येक मशीनचं नेटवर्क वेगळं असतं, त्यामुळे आयपी सारखा असणं बरोबरच आहे आणि त्या एकमेकींना दिसणार नाहीत हेही बरोबरच. एकमेकींशी बोलायचं असेल तर ‘नॅट नेटवर्क’ (सगळ्या व्हीएम एकाच नेटवर्कात) घ्या, किंवा दुसरं कार्ड होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि व्हीएममधलं नेटवर्क) लावा. ब्रिज्ड (व्हीएम थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणं) वायफायवर सगळीकडे चालेलच असं नाही, एका कार्डामागे दुसरा मॅक ॲड्रेस (कार्डाचा ओळख नंबर) काही राउटर घेतच नाहीत, म्हणून हॉटस्पॉटवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये असं माझं मत.

आणि क्लोन केलेल्या (एका व्हीएमची हुबेहूब कॉपी काढलेल्या) उबंटू सर्व्हरचं एक, हे कोणी शिकवत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. मॅक वेगळा केला तरी नॅट नेटवर्कमध्ये दोघांना एकच आयपी मिळत असेल तर मशीन-आयडी (उबंटूचा स्वतःचा ओळख नंबर) बघा. उबंटू सर्व्हर डीएचसीपीला (आयपी वाटून देणाऱ्या सोयीला) आपली ओळख त्या आयडीवरून सांगतो आणि क्लोनमध्ये तो जसाच्या तसा उतरतो. ईटीसी फोल्डरमधली (/etc/machine-id) मशीन-आयडीची फाईल रिकामी करा, डिलीट नका करू, आणि रीबूट मारा, नवीन आयडी आपोआप बनतो. नाहीतर नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी आयडेंटिफायर मॅक करून ठेवा, तेवढ्यावरही काम होतं.