जुन्या छत्रीचं वटवाघूळ

हॅलोविन जवळ आला की आमच्या घरात एकच प्रश्न, "आई, मी या वर्षी काय होऊ?" आणि उत्तर रोज वेगळं. सोमवारी चेटकीण, बुधवारी रोबो, शुक्रवारी परत चेटकीण. म्हणून मी आता नियमच केलाय, 20 ऑक्टोबरच्या आत काय ते ठरवायचं आणि मग बदलायचं नाही. कारण 31 तारखेच्या आदल्या रात्री घाईघाईत काहीतरी विकत आणलं जातं आणि बजेट नेमकं तिथेच कोलमडतं. मी एकदा आणला होता तसा तयार कॉस्ट्यूम, पातळ पॉलिस्टरचा, पाठीमागे एक बंद, आणि संध्याकाळ संपायच्या आत खांद्याची शिवण उसवलेली. पोरगी रडवेली झाली, मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून सगळं घरीच.

आणि खरं सांगू का, मुळात ही गोष्ट घरातल्या वस्तूंचीच आहे. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये जुन्या काळी पोरं या रात्री वेष बदलून दारोदार जायची तेव्हा कोण विकत आणणार होतं? तोंडाला शेकोटीची राख नाहीतर काजळी फासायची, घरातले जुनेपाने कपडे चढवायचे, काही ठिकाणी तर अंगभर पेंढा बांधायचा. हातातला कंदीलसुद्धा सलगम कोरून केलेला, भोपळा नंतर आला, ही माणसं अमेरिकेत गेल्यावर. मला हे वाचल्यावर फार छान वाटलं होतं, म्हणजे आपण जुनी चादर फाडून बसतो ते काही कमीपणाचं नाही.

आता मुद्द्याचं. इतक्या वर्षांत मला एक कळलंय की समोरचा माणूस आधी डोकं बघतो आणि मग बाहेरची आकृती. अंधारात तर तेवढंच दिसतं. दोन टोकदार कान आणि मागे शेपूट असलं की ते मांजर, आत रोजचा काळा टीशर्ट असला तरी कुणाचं लक्ष जात नाही. त्यामुळे वेळ आणि पैसे दोन्ही डोक्याकडे घालवायचे, बाकी कपाटात जे असेल ते एकाच रंगाचं काढायचं, काळं तर काळं, पांढरं तर पांढरं. मांजरीचे कान हेअरबँडला, शेपूट म्हणजे जुन्या लांब मोज्यात चिंध्या भरल्या आणि कमरेच्या पट्ट्याला आतून शिवली, संपलं. शेपूट सेफ्टी पिनने लावू नका, पोरं त्यावर बसतात आणि पिन उघडते.

भुताचं सगळ्यांना सोपं वाटतं, चादर घ्या नि डोळ्यांना भोकं पाडा. पण चादर डोक्यावर सरकते आणि दोन मिनिटांत भोकं कानापाशी जातात, पोराला काहीच दिसत नाही. त्याला उपाय, आत पुढे झाप असलेली जुनी टोपी घालायची आणि चादर टोपीला वरून चारपाच टाके घालून पक्की करायची, मग डोळ्यांची जागा हलत नाही आणि झापेमुळे कापड तोंडाला चिकटतही नाही. भोकं आपल्याला वाटतात त्याच्यापेक्षा बरीच मोठी ठेवा. आणि चादर खाली घोट्याच्या वर चांगली वीतभर कापा, जिन्यावर पाय अडकतो हो.

ममीचं, म्हणजे इजिप्तच्या त्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या प्रेताचं सोंग, मात्र मी पहिल्यांदा पूर्ण चुकले होते. टॉयलेट पेपर गुंडाळला, दिसली झकास, आणि दहा मिनिटांत घामाने ओला होऊन सगळीकडून तुटायला लागला. मग पुढच्या वेळी जुनी सुती चादर घेतली, कात्रीने नाही कापली, कडेला छोटी चीर देऊन टराटरा फाडली, साधारण 4-5 सेंटीमीटरच्या पट्ट्या. फाडल्याने कडेचे दोरे सुटतात ना, तेच हवं असतं, शतकानुशतकं पुरून ठेवल्यासारखं दिसतं. मग मोठ्या पातेल्यात कोरा चहा कडक उकळला आणि पट्ट्या अर्धा तास त्यात बुडवल्या, काही चुरगाळून टाकल्या म्हणजे डाग सगळीकडे सारखे येत नाहीत. इथे एक लक्षात ठेवा, कापड सुतीच पाहिजे, पॉलिस्टरवर चहाचा रंग धरतच नाही, धुतला की गेला. आणि पट्ट्या अंगाला गुंडाळायच्या नाहीत, जुन्या पांढऱ्या टीशर्टला आणि लेगिंगला ठिकठिकाणी टाके घालून शिवायच्या. म्हणजे ममी बाथरूमला जाऊ शकते. हे ऐकायला छोटं वाटतं पण पाच वर्षांच्या पोराच्या आईला विचारा.

सगळ्यात लाडका कॉस्ट्यूम म्हणजे वटवाघूळ, आणि तो जवळजवळ फुकट झाला. काडी मोडलेली काळी छत्री होती, टाकायची राहून गेलेली. छत्रीचं कापड काड्यांच्या टोकांना आणि मध्ये मध्ये दोऱ्याने बांधलेलं असतं, ते टाके कापायचे, वरचं टोपण काढायचं आणि सगळं कापड सोडवून घ्यायचं. छत्रीला 8 काड्या असतील तर कापडाच्या 8 पाकळ्या असतात. त्यातल्या 3 पाकळ्या एकत्र एका पंखाला, 3 दुसऱ्याला. कापताना शिवणीवरून नाही, शिवणीच्या बाजूने, दोनेक सेंटीमीटर कापड सोडून कापा, नाहीतर शिवण उसवत जाते. मग पाकळ्यांचं जे टोक छत्रीच्या मधोमध असतं ते आलं काखेत, एक सरळ कड बाहीच्या खालून मनगटापर्यंत शिवायची, दुसरी कड कुशीच्या शिवणीवर खाली कमरेपर्यंत. आणि छत्रीची बाहेरची कड, जी दोन काड्यांच्या मध्ये आत वळलेली असते, ती हुबेहूब वटवाघळाच्या पंखासारखी येते, आपल्याला काही कापावंच लागत नाही! पोरीने हात पसरले तेव्हा मी शिवणकाम हातात तसंच धरून बघत बसले होते. उरलेल्या 2 पाकळ्यांचे कान केले, आत पातळ पुठ्ठा घालून. फक्त सुरुवातीला काखेपासून मनगटापर्यंतचं अंतर काडीच्या लांबीशी ताडून बघा, लहान मुलाला घडीची छोटी छत्रीच बरोबर बसते.

सांगाड्यासाठी काळ्या टीशर्टवर पांढरी टेप चिकटवतात बरेच जण, ती कापडावर टिकत नाही, कोपरे उचलतात. जुन्या पांढऱ्या बनियनचे तुकडे कापून टाचा. माणसाला फासळ्यांच्या 12 जोड्या असतात पण टीशर्टवर 6 पुरतात, जास्त केल्या की दुरून नुसते पट्टे दिसतात. रोबोच्या खोक्याबद्दल एवढंच, खोकं मांडीच्या वर संपलं पाहिजे, नाहीतर पोराला बसताच येत नाही, आणि हाताची भोकं पुढच्या बाजूला थोडी सरकवून घ्या. फॉइल लावायच्या आधी पोराला घालून बघा, नंतर कापाकापी केली की फॉइल फाटतं.

चिकटवायचं म्हटलं की लोक लगेच ग्लू गन काढतात. पुठ्ठ्याला ती मस्त, कापडाला नको, डिंक वाळून कडक होतो, टोचतो आणि ताण आला की सुटतो. कापडाला सुई-दोराच. मोठे मोठे टाके घाला, कुणी आतून बघायला येत नाही.

चेहऱ्याचं थोडं जपून. मुखवटा लहान मुलांना मी घालत नाही, बाजूचं दिसत नाही आणि रस्ता ओलांडायचा असतो. मी घरीच रंग करते, कॉर्नफ्लोअर (मक्याचं पांढरं पीठ, भाकरीचं पिवळं नव्हे) आणि तेवढंच साधं क्रीम, दोनचार थेंब पाणी, की झालं पांढरं. त्यात खायचा रंग अगदी थेंबभर, जास्त झाला तर दोन दिवस निघत नाही. मिशा आणि नाकाचा ठिपका काजळाने. आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचंच, पोराचं अंग लाल झालं तर चेहरा कोरा ठेवायचा. आणि चित्रकलेचे रंग, पोस्टर कलर, अ‍ॅक्रिलिक, हे चेहऱ्यावर कधीच नाही.

अजून एक, हे मी सगळ्यांना सांगत असते आणि सांगत राहीन. कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्ती असते, ती जमिनीवर दारातच ठेवलेली असते आणि नेमकी त्याच उंचीला पोरांच्या झग्याची कड असते. क्रेप पेपर, पिसं, लोंबत्या बाह्या, हे क्षणात पेट घेतं. आमच्या दारात आम्ही बॅटरीचा दिवा ठेवतो, आणि पोरांना शिकवलंय की भोपळ्याच्या बाजूने लांबून जायचं. काळ्या कपड्यांना मागे चमकणारी टेपची एक पट्टी लावा, गाडीच्या उजेडात लांबून दिसते. बूट रोजचेच. थंडी असेल तर आत स्वेटर जाईल एवढा कॉस्ट्यूम सैल शिवा, वरून जॅकेट घातलं तर केलेली सगळी मेहनत झाकून जाते आणि मुलं हिरमुसतात.

एक रात्र आधी आमच्याकडे रंगीत तालीम असते. चालून दाखव, बस, जिना चढ, हात वर कर, खाली पडलेली गोळी उचल. जे सुटतं ते त्याच रात्री शिवायचं. पंख यंदा धाकट्याला दिले असते पण त्याला नको आहेत. त्याला पाऊस व्हायचंय. "ढग नाही आई, पाऊस." दोन दिवस विचार करतेय. निळा टीशर्ट आहे, टोपीच्या झापेला वेगवेगळ्या लांबीच्या निळ्या रिबिनी खांद्यापर्यंत सोडायच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला फॉइलचा छोटा थेंब, म्हणजे मान हलवली की पाऊस हलेल. तोंडासमोर मात्र रिबीन ठेवणार नाही. फॉइल आहे, रिबिनी भेटवस्तूंच्या जपून ठेवलेल्या सापडल्या, टोपी तेवढी माळ्यावर बघायचीये.