आमची वाटचाल : घाण्यावरचं खोबरेल आणि बोअरचं पाणी

बार्शीत आम्ही लाकडी घाणा बसवला तो खाण्याच्या तेलासाठी. शेंगदाणा आणि करडई, एवढंच गाळायचं ठरलं होतं. केसांचं तेल मनातही नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात जवळच्या गावातल्या शाळेच्या एक बाई तेल न्यायला आल्या. पाच लिटरचा डबा घेतला आणि निघताना डोक्यावरचा पदर मागे सारून म्हणाल्या, "ताई, केसांसाठी काही आहे का हो तुमच्याकडे?" वेणीचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. वाळलेल्या कडब्यासारखं राठ, फाटे फुटलेलं. त्यांच्या गावाला बोअरचं पाणी, इतकं जड की बादलीला आतून पांढरा थर धरतो. वर सोलापूर जिल्ह्याचं ऊन.

मी त्यांना करडईचं तेल दिलं. हाताशी तेच होतं आणि ताजं होतं. पंधरा दिवसांनी बाई आल्या. तक्रार करायला नाही, पण केस चिकट झाले होते आणि उशीच्या अभ्र्याला वास येत होता. चूक माझीच. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल (तेलातलाच एक स्निग्ध घटक) भरपूर, साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे. हवा लागली की असं तेल लवकर खवटतं, आणि पातळ थरात राहिलं की चिकट होत जातं. फोडणीला उत्तम, रात्रभर केसांवर ठेवायला नाही. बाईंचे पैसे परत दिले, त्यांनी घेतले नाहीत.

तेव्हापासून मी विचारत, वाचत राहिले. केसाचा डोक्याबाहेरचा भाग निर्जीव असतो. त्याचं "पोषण" म्हणजे आहे ते टिकवणं, इतकंच कुठल्याही तेलाच्या हातात असतं. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरू शकतं. धुताना केस पाण्याने फुगतो आणि त्यातलं प्रथिन झिजतं, ती झीज त्यामुळे कमी होते. २००३ साली मुंबईच्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तुलना प्रसिद्ध केली. प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानेच लक्षणीय कमी झाली. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही मी गिऱ्हाइकाला सांगते. माणसाने सगळं ऐकून ठरवावं.

मग प्रश्न खोबऱ्याचा. आमच्याकडे नारळ कुठला? पहिला माल एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात घेतला. वाट्या वरून पांढऱ्याशुभ्र, पण आत ओल राहिलेली. गाळताना तेल छान दिसलं, महिन्याभरात बाटल्यांना खवट वास सुटला. चाळीस बाटल्या विकल्या गेल्या होत्या. वहीत ज्यांची नावं होती त्या प्रत्येकाला फोन करून बाटली परत मागवली. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. आता कर्नाटकातल्या तिपटूरचा गोटा, म्हणजे अख्खं सुकं खोबरं, आणतो. पोतं उघडलं की दहा-बारा गोटे फोडायचे, आतली बाजू नखाने खरवडायची, वास घ्यायचा. वाटी कडकन मोडली पाहिजे. वाकली तर पोतं परत. दहा किलो खोबऱ्याचं आमच्या घाण्यावर साडेपाच-सहा किलो तेल पडतं. ते स्टीलच्या पिंपात चार-पाच दिवस निवळू देतो, गाळ खाली बसला की वरचं कापडातून गाळून भरतो. पेंड गवळी नेतात.

खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं. पहिल्या थंडीत एक आजोबा बाटली घेऊन आले, "यात डालडा घातलाय का गं पोरी?" बाटली कोमट पाण्यात धरून त्यांच्यासमोर पातळ करून दाखवली. हिवाळ्यासाठी पाव हिस्सा तिळाचं तेल घालून वेगळी बाटलीही काढली. तीळ आत फारसा शिरत नाही, पण वरून केसाला मऊपणा देतो आणि करडईइतका लवकर खवटत नाही. एरंडेल फार दाट. अगदीच राठ टोकं असतील तर चमचाभर मिसळा म्हणते, नुसतं लावू नका. धुताना जीव जातो.

"केसांसाठी" असं लेबलवर लिहायचं तर खाद्यतेलाचा परवाना चालत नाही, सौंदर्यप्रसाधनांचा वेगळा लागतो. तो हाती येईपर्यंत आम्ही खाण्याचं खोबरेल म्हणूनच विकलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, तेव्हा आम्हीही बाटलीची किंमत उतरवली.

माक्याचं तेलही करतो, कारण लोक मागतात आणि मलाही त्याचा वास आवडतो. पाला तेलात मंद आचेवर ठेवायचा आणि तडतड पूर्ण थांबेपर्यंत उतरवायचा नाही. पाण्याचा अंश राहिला तर तेल बिघडतं. केस उगवतात असं मात्र आमच्या लेबलवर कुठेही नाही. कुणाला कोंडा किंवा टाळूला खाज असेल तर मी तेल देत नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगते.

त्या बाई अजून येतात. न्हायच्या आदल्या रात्री दोन चमचे तेल, टाळूपेक्षा टोकांना जास्त, आणि शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा, असं त्यांचं त्यांनीच बसवलंय. मागच्या खेपेला वेणी पुढे ओढून म्हणाल्या, "बघा हात लावून." मी हात पुसून आधी नीट कोरडा केला, मग लावला.