सीताफळाचा पल्प आणि आमच्या गावचा जीपीडीपी : माझा अनुभव

पुरंदर तालुक्यातल्या एका छोट्या ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. ग्रामपंचायत विकास आराखडा, म्हणजे आपला जीपीडीपी, हा नक्की काय प्रकार असतो ते नवीन सदस्यांना, त्यातून बायकांना तर कोणी धड सांगतच नाही, ठराव वाचला की सह्या करा एवढंच, म्हणून म्हणलं आपलं काय झालं ते लिहावं.

आधी पैशाचं. आमचा आराखडा 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला, 2021 ते 2026 वाला होता. महाराष्ट्रात त्या निधीतले 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला आणि 10 झेडपीला जायचे. ग्रामपंचायतीला जे यायचे त्यातले 60 टक्के बंधित, अर्धे पाण्याला अर्धे स्वच्छतेला. म्हणजे समजा वर्षाला 10 लाख आले तर 6 लाख कुठं जाणार ते आधीच ठरलेलं, राहिले 4, आणि त्यातनं पगार-आस्थापना चालत नव्हतं. गावात रोजगार, धंदा, उत्पन्न असलं काही करायचं तर ते या 4 लाखात, आणि त्यावर पेव्हर ब्लॉकवाले, हायमास्टवाले, सभामंडपवाले सगळे टपलेले. पेव्हर ब्लॉक दिसतो ना, फोटो निघतो. बाईला वर्षात किती दिवस काम मिळालं त्याचा फोटो कसा काढणार.

आता आराखड्यात 9 संकल्पना असतात, गरिबीमुक्त आणि उपजीविका, आरोग्यदायी गाव, बालस्नेही, जलसमृद्ध वगैरे. बरीच गावं जलसमृद्ध नाहीतर स्वच्छ-हरित निवडून मोकळी होतात, कारण बंधित पैसा तिकडंच जाणार असतो, आयतं काम होतं. आम्ही महिला सभेत ठरवलं की उपजीविका पहिली टाकायची. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते, कागदावर नाही, खरोखर घ्या, कारण तिथं ठरलेला विषय पुढच्या सभेत ऐनवेळचा म्हणून कोणी ढकलू शकत नाही.

आमच्याकडं सीताफळ. फळ पिकून मऊ पडलं की ते एक-दोन दिवसांचं सोबती, लांब पाठवता येत नाही, सासवडच्या बाजारात शेवटी शेवटी पडत्या भावात द्यावं लागतं. बचतगटातल्या काही जणी त्या फळाचा गर काढून पल्प करत होत्या, पण घराच्या पडवीत, आणि पडवीतला माल म्हणलं की घेणारा भाव पाडतो. मागणी साधी होती, एक शेड, स्वच्छ पाणी, फरशी.

इथं ध्येयाचा प्रश्न आला. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं "फळप्रक्रिया उद्योगास चालना देणे व महिलांचे उत्पन्न दुप्पट करणे". ऐकायला झकास, पण मोजायचं कसं? उत्पन्न कोणी खरं सांगतं का? रेशनकार्डाचा रंग बदलेल या भीतीनं माणूस जावयालाही खरा आकडा सांगत नाही. आमची सीआरपी ताई (उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, बचतगटांचं काम बघणारी) म्हणाली, "अगं उत्पन्न सोड, माझ्या रजिस्टरला किलो आहेत आणि कोण किती दिवस आलं ते आहे, तेवढंच धर." मला ते लगेच पटलं. मागच्या हंगामाचे किलो आणि कामाचे दिवस हाच पाया धरला, आणि पुढच्या वर्षी ते किती व्हायला पाहिजेत ते लिहिलं. जो आकडा कुठंतरी आधीपासून लिहिला जातो तोच ध्येयात घ्यायचा, नाहीतर मार्चमध्ये कोणीतरी टेबलावर बसून मनानं भरतो.

ग्रामसभेत सभामंडपवाल्यांनी बराच वेळ खाल्ला. एक काका म्हणाले, "गटाच्या बायकांसाठी गावाचा पैसा कशाला?" त्यावर भाऊसाहेबांनी (म्हणजे ग्रामसेवक, आता हुद्दा ग्रामपंचायत अधिकारी झालाय पण गाव भाऊसाहेबच म्हणतं) सांगितलं की शेड ग्रामपंचायतीच्या मालकीचं राहणार, गट भाडं देणार, ते भाडं स्वनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नात जमा होणार. स्वनिधी म्हणल्यावर आवाज जरा खाली आले. आणखी एक त्यांनी बघितलं, फळं धुतलेलं पाणी आणि पिण्याच्या पाण्याची लाइन, म्हणजे शोषखड्डा आणि नळजोड, हे बंधितमधनं बसवलं, त्यामुळं 4 लाखातले थोडे वाचले आणि काकांच्या आळीतले दिवेही झाले. डीप फ्रीजर मात्र ग्रामपंचायतीच्या पैशातनं नाही घेतला, त्यासाठी पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत गटातल्या सदस्याला 40,000 पर्यंत बीज भांडवल मिळत होतं, तो अर्ज उमेदकडनं वेगळा केला, आणि त्याला वेळ लागला, लागतोच.

मग आराखडा पंचायत समितीला छाननीला. तिथं शेरा आला की "ध्येय स्पष्ट नाही", आम्ही किलोचा आणि दिवसांचा तक्ता जोडून परत पाठवला, गेलं. आराखडा ऑनलाइन भरायच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर सगळं यादीतनं निवडायचं असतं, त्यात सीताफळ कुठनं असणार, ग्रामपंचायतीत संगणकावर माहिती भरणारं केंद्रचालक पोरगं म्हणालं, "ताई, शेड बांधकाम टाकतो, बाकी तुम्ही वहीत ठेवा."

शेड झालं. हंगामात पाऊस लांबला, फळ कमी आलं, किलोचा आकडा काही गाठला नाही. कामाचे दिवस मात्र ठरवल्यापेक्षा जास्त भरले, कारण शेजारच्या गावातनंही पिकलेलं फळ यायला लागलं आणि पेरूचं पण थोडं काम निघालं. आढावा सभेत काका किलोवर बोलत होते, आम्ही दिवसांवर. दोन्ही आकडे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिले होते त्यामुळं निदान भांडण आकड्यांवर झालं.

पुढच्या आराखड्यात आम्ही पांढऱ्या पल्पचा कॉलम वेगळा मागितला, काळपट पडलेल्याचा वेगळा, कारण दर त्यावरच ठरतो, रंग गेला की घेणारा लगेच नाक मुरडतो. भाऊसाहेब म्हणाले, पोर्टलवर जागा नाही, रजिस्टरला आहे. म्हणलं रजिस्टरलाच घ्या.