वीज गेली आणि नळही आटला

आज पहाटे साडेपाचला वीज गेली आणि तासाभरात नळही कोरडा पडला. रिकाम्या बादल्यांकडे पाहत बसण्यापेक्षा मी कागद घेऊन एक हिशेब मांडला. १,००० लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायचे, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ०.२७ युनिट वीज लागते. पंपाची मर्यादित कार्यक्षमता आणि जलवाहिनीतील घर्षण धरले, तर हा आकडा सहज अर्ध्या युनिटापर्यंत जातो. म्हणजे वाटेतल्या गळतीत जे पाणी जिरते, त्याच्याबरोबर ते चढवण्यासाठी खर्चलेली वीजही जमिनीत जिरते, आणि तिची नोंद सहसा कोणी ठेवत नाही.

उलट दिशेचे, म्हणजे पाणी आटल्याने वीज जाण्याचे, उदाहरण आफ्रिकेतील झांबिया या देशाचे आहे. तेथील बहुतांश वीज जलविद्युत प्रकल्पांतून येते, त्यामुळे २०२४ च्या तीव्र दुष्काळात झांबेझी नदीवरील करिबा जलाशय खालावला, तेव्हा लोकांना दिवसाचे कित्येक तास विजेविना काढावे लागले.

संध्याकाळी नळाला पाणी आले ते गढूळ. पुरवठा खंडित झाल्यावर वाहिनीतील दाब घटतो आणि फटींमधून आजूबाजूचे दूषित पाणी आत शिरू शकते. अधूनमधून होणाऱ्या पुरवठ्याचा हा धोका मला टंचाईपेक्षाही गंभीर वाटतो. ते पाणी निवळू दिले, गाळले आणि बराच वेळ उकळले. दिवसभर वाचलेली वीज, गंमत म्हणजे, शेगडीवर इंधनाच्या रूपाने खर्ची पडली.