वसुबारसेच्या रात्रीचा हिशेब

दिवाळीच्या दिवसांत आम्हा पशुवैद्यांच्या फोनवर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत असते : कुत्रा थरथरतो आहे, पलंगाखालून बाहेर येत नाही, अन्नाला तोंड लावत नाही. कोथरूडसारख्या दाट वस्तीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला की दवाखान्यातली संध्याकाळ अशा कुत्र्यांचीच होते. त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या वसुबारसेला आणखी एका घरातल्या कुत्र्याची थरथर सर्वांनी फटाक्यांच्या खात्यावर टाकली, यात नवल नव्हते. पण त्या रात्रीची पहिली चूक त्या घराने केलेली नव्हती. ती त्याआधीच, साडेसहाच्या सुमारास, माझ्याकडून झालेली होती.

तेव्हा फोन आला तो गुंड्याच्या घरातल्या आजोबांचा. गुंड्या म्हणजे पांढरा, केसाळ, अखंड भुंकणारा, ज्याला आपल्याकडे सगळे ‘पॉमेरियन’ म्हणतात आणि जो खरे तर इंडियन स्पिट्झ असतो, तसा कुत्रा. त्याचे वजन माझ्या कार्डावर सात किलो होते. “मॅडम, आमच्या गुंड्यानं चॉकलेट खाल्लंय. कागद सापडला हॉलमध्ये. काही होत नाही ना?” आजोबांनी विचारले. कसले चॉकलेट, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, “हे आपलं मुलांचं असतं ते, लहानसं.”

समोरच्या टेबलावर एक बोका आणि दाराशी चार माणसे थांबलेली असताना मी मनातल्या मनात हिशेब केला. चॉकलेटमधला कुत्र्याला बाधणारा मुख्य घटक थिओब्रोमीन. दुधाच्या चॉकलेटमध्ये तो एका ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम असतो. लहान वडी तेरा-चौदा ग्रॅमची धरली तर सगळे मिळून २८ मिलिग्रॅम, म्हणजे गुंड्याच्या शरीराच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅम. उलटी-जुलाब सुरू होतात ते साधारण २० मिलिग्रॅमच्या पुढे, हृदयाचे ठोके बिघडतात ४० ते ५० च्या आसपास आणि झटके येऊ शकतात ६० च्या वर. चार म्हणजे काहीच नाही. मी आजोबांना निर्धास्त राहायला सांगितले आणि बोक्याकडे वळले. हिशेबात एकही आकडा चुकलेला नव्हता. चुकले होते ते एवढेच की, ज्या वडीचा तो हिशेब होता तेवढीच गुंड्याने खाल्ली आहे, हे मी कोणालाही पडताळून पाहायला लावले नव्हते.

पावणेदहाला दवाखाना बंद करताना आजोबांच्या सुनेचा फोन आला. ती घरून केक आणि ब्राउनीच्या ऑर्डरी घेते, हे मला ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी ती ऑर्डर पोचवायला बाहेर गेली होती आणि नऊला परतली होती. आठपासून गुंड्या थरथरत होता, पण बाहेर फटाके वाजत होते, म्हणून घरच्यांनी खिडक्या लावून पंखा मोठा केला होता. तिला मात्र काहीतरी खटकले होते, आणि जे खटकले ते तिने नेमक्या शब्दांत सांगितले : “मॅडम, फटाक्याला घाबरला की तो कपाटामागे जाऊन बसतो. आज तो बसतच नाहीये. सारखा फिरतोय, पाण्याचं भांडं दोनदा रिकामं केलं, घरात चार वेळा शू केली. आणि आत्ता उलटी झाली, तपकिरी.” हे ऐकताच माझ्या डोळ्यांपुढून तेरा ग्रॅमची वडी नाहीशी झाली.

तिला मी एकच काम सांगितले : स्वयंपाकघरातले सगळे चॉकलेट ओट्यावर काढ आणि काय कमी आहे ते बघ. ती फोन चालू ठेवूनच गेली. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात बटर पेपरमध्ये गुंडाळलेली डार्क चॉकलेटची पाचशे ग्रॅमची लादी होती. त्यातले अडीचशे ग्रॅम तिने दुपारी ब्राउनीला मोजून घेतले होते. उरलेला तुकडा तिने आपल्या वजनकाट्यावर ठेवला. “एकशे सेहेचाळीस,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. फाटलेला बटर पेपर सोफ्यामागे सापडला.

म्हणजे १०४ ग्रॅम. डार्क चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन दुधाच्या चॉकलेटच्या अडीच-तीन पट, ग्रॅमला सुमारे साडेपाच मिलिग्रॅम. कोको जितका जास्त तितका हा आकडा वर जातो आणि नुसत्या कोको पावडरीत तर तो २५ च्याही पुढे असतो. मी यावेळी कागदावर मांडले : पावणेसहाशेच्या आसपास मिलिग्रॅम, भागिले सात. दर किलोमागे ८० हून अधिक.

सव्वादहाला ते आले तेव्हा गुंड्याच्या तोंडाला तुपाचा वास येत होता. आजोबांनी ‘विष मारायला’ दुधात दोन चमचे तूप घालून पाजले होते. दूध किंवा तूप थिओब्रोमीनवर काहीही करत नाही; उलट चॉकलेटमधल्या चरबीत आणखी चरबीची भर पडते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो. आजोबांचा मुलगा वाटेत केमिस्टकडे थांबून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घेऊन आला होता, कारण ते पाजले की कुत्रा ओकतो, असे त्याने कुठेतरी पाहिले होते. मी बाटली हातात घेऊन त्याला लेबल दाखवले : २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के. उलटी करवायला पशुवैद्य वापरतात ते ३ टक्क्यांचे, तेही मोजून, आणि तरीही अन्ननलिका व जठर सोलवटण्याची भीती असतेच. आपल्याकडच्या दुकानांत सर्रास मिळते ते दुप्पट तीव्रतेचे. शिवाय कुत्रा थरथरत असताना उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मिठाचे पाणी तर पाजले नाही ना, असेही मी विचारून घेतले, कारण रक्तातले सोडियम वाढून कुत्रा त्या उपायानेच दगावू शकतो. सुदैवाने तो उपाय कोणाला सुचला नव्हता.

टेबलावर गुंड्याचे वजन ७.२ किलो भरले, ताप १०३.८ फॅरनहाइट, हृदयाचे ठोके मिनिटाला २१२. कानाला हात लावला तरी तो दचकत होता आणि मांडीचे स्नायू कातडीखाली उडताना दिसत होते. त्याचे डोळे मी अजून विसरलेले नाही; भीतीने फाकलेले डोळे वेगळे असतात, हे नुसतेच उघडे होते, जणू त्याला ते मिटताच येत नव्हते.

इथे थोडे विषयाला धरूनच थांबते. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आम्हाला विषशास्त्र शिकवले गेले ते गाई-म्हशींच्या पोटाच्या हिशेबाने : ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन लागणारी किराळ, घाणेरी, युरिया, धोतरा. किराळीवर नसेतून देण्याचे औषध ठरलेले आहे आणि वेळेत दिले तर आडवे झालेले जनावर उठून उभे राहते. ते दृश्य ज्याने पाहिले त्याला प्रत्येक विषाला उतारा असतो असे वाटू लागते. थिओब्रोमीनला उतारा नाही. माणसाच्या शरीरातून ते सहा ते दहा तासांत निम्मे होते, कुत्र्याच्या शरीरात त्याच कामाला सुमारे साडेसतरा तास लागतात, आणि म्हणूनच जे नातवाला खाऊ म्हणून दिले जाते ते कुत्र्याला बाधते. आपल्या हातात असते ते इतकेच : जितके बाहेर काढता येईल तितके काढायचे, उरलेले लवकर बाहेर पडेल असे पाहायचे, आणि तोवर हृदय व मेंदू सांभाळायचे.

शीर धरून मी आधी थरथर आणि झटके शमवणारे डायझेपाम दिले. थरथर उतरल्यावर भूल देऊन, फुगा असलेली नळी श्वासनलिकेत बसवून, पोट धुवायला घेतले. खाऊन चार-साडेचार तास झाले होते, पण चॉकलेट पोटात वितळून चिकट गोळा होऊन बसते आणि सहजी पुढे सरकत नाही, हे अशा वेळी आपल्या बाजूचे असते. नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत जठरनळी मोजून खूण केली, डोके उतारावर ठेवले आणि कोमट पाणी सोडून परत घेऊ लागले. पहिल्या दोन खेपांना तुपाचा तवंग आला. तिसऱ्या खेपेपासून गडद तपकिरी पाणी येऊ लागले आणि सबंध दवाखान्यात, डेटॉलच्या वासावर मात करून, गरम ब्राउनीचा वास पसरला. माझा मदतनीस बादली बदलत होता. एरवी बडबड्या असलेला तो मुलगा त्या वासाने अगदी गप्प झाला होता. पाचव्या खेपेला बटर पेपरचा एक तुकडा आला. पाणी स्वच्छ यायला चौदा खेपा लागल्या. मग त्याच नळीतून विष शोषून धरणाऱ्या सक्रिय कोळशाची काळी लापशी आत सोडली आणि नळी चिमटीत दाबूनच बाहेर काढली, म्हणजे एक थेंबही घशात सांडू नये.

त्यानंतर मूत्रनळी घातली, जे अनेकांना अनावश्यक वाटते. थिओब्रोमीन लघवीतून बाहेर पडते खरे, पण लघवी मूत्राशयात साठून राहिली तर त्याच्या अस्तरातून ते पुन्हा रक्तात शोषले जाते. म्हणून सलाइन जोरात चालवायचे आणि मूत्राशय रिकामे ठेवायचे, ही दोन कामे एकत्रच करावी लागतात.

दोनच्या सुमारास, सगळे जमले असे वाटू लागले तेव्हा, ईसीजीच्या पट्टीवर बारीक टोकदार ठोक्यांच्या रांगेत मधूनच रुंद, वेडेवाकडे ठोके दिसू लागले. आधी एखाददुसरा, मग सलग चार, मग सलग सहा. मी कपाटातून असे ठोके ताळ्यावर आणणारे लिग्नोकेन काढले आणि बाटलीवरचे नाव मोठ्याने दोनदा वाचले, कारण शेजारी ठेवलेल्या बाटलीत तेच औषध हृदय आणखी भडकवणाऱ्या अॅड्रिनलीनसह होते आणि त्या रात्री ते दिले असते तर सगळेच संपले असते. दुसऱ्या डोसानंतर पट्टीवरचे ठोके पुन्हा सुरळीत झाले. तेव्हापासून त्या दोन बाटल्या मी वेगवेगळ्या खणांत ठेवते.

सून आणि मुलगा बाकावर बसून होते. आजोबा बसले नाहीत; ते दाराशी उभे राहून म्हणाले, “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.” मी त्यांना सांगितले की, त्यांनी जे पाहिले ते बरोबर सांगितले होते, विचारायला हवे होते ते मी विचारले नव्हते. हे त्यांच्या समाधानासाठी म्हटलेले नव्हते. चॉकलेटचा कागद सापडला की सोबत आणखी काय सापडते ते शोधायला लावणे, पाकीट हातात घेऊन कोकोचे प्रमाण आणि ग्रॅम वाचायला लावणे, त्यात बेदाणे आहेत का हे विचारणे, कारण त्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि ते ‘शुगर फ्री’ असेल तर त्यात झायलिटॉल हा साखरेचा पर्याय आहे का ते पाहणे, कारण त्याने रक्तातली साखर अर्ध्या तासातसुद्धा कोसळू शकते. हे सगळे फोनवर दोन मिनिटांचे काम आहे. साडेसहालाच लादीचा पत्ता लागला असता, तर थरथर सुरू होण्यापूर्वी दवाखान्यात एका इंजेक्शनने उलटी करवून गुंड्या रात्रीच्या जेवणाला घरी गेला असता. आता माझ्या टेबलावर काचेखाली एक कागद आहे. त्यावर पहिला प्रश्न ‘काय खाल्ले’ असा नसून ‘घरात आणखी काय होते आणि त्यातले आता किती उरले’ असा आहे.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत ठोके १३० वर आले. नरकचतुर्दशीला सकाळी, अभ्यंगस्नान उरकून आलेल्या आजोबांबरोबर गुंड्या घरी गेला, त्याच्या पांढऱ्या दाढीला कोळशाचा काळा डाग तसाच होता. आठवडाभर बिनतुपाचा भात, ही माझी सूचना आजोबांना कुत्र्याच्या आजारपणापेक्षा जास्त लागली असावी.

पाडव्याला दुपारी त्यांचा फोन आला. “मॅडम, वजन सात किलो शंभर ग्रॅम. वेळ चार वाजून दहा मिनिटं. रव्याचा लाडू, एक, ताटलीतून उचलला. वरचा बेदाणा त्यानं थुंकला, तो माझ्या हातात आहे. सूनबाईंनी डब्यातले सगळे लाडू मोजलेत, बाकी जागेवर आहेत.”

“बेदाणा एकच होता ना, आजोबा?”

“आमच्याकडे लाडवाला एकच लावतात,” ते म्हणाले, “पण थांबा, विचारून सांगतो.”